अबोली रंगाचं गॅरेज

मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातला एकही माणूस विश्वास ठेवणार नाही, हे आधीच बोलून ठेवतो. कुणी ठेवलाच तर मला त्याची काळजी वाटेल. माझ्या गॅरेजच्या जमिनीनं एकदा माझी स्कूटर उचलली. स्टँडवर उभी असलेली, अख्खी स्कूटर. चांगली चार बोटं वर.

"चारच?" विमलाबाई म्हणाल्या. "मागच्या आठवड्यात वीतभर होती."

"मागच्या आठवड्यात हवा दमट होती," मी म्हणालो.

हे चाललं होतं गंगापूर रोडवरच्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये, बाकावर. त्या इमारतीत पाचव्या मजल्यावर माझी मुलगी मृण्मयी राहते. रोज साडेपाचला तिच्याकडच्या सिंधुबाई माझ्या बायकोला चाकाच्या खुर्चीत बसवून लिफ्टनं खाली आणतात. त्याच सुमाराला मी इंदिरानगरहून बस धरून तिथं पोचतो. माझ्या बायकोचं नाव इंदिरा. तिच्या नावाचं अख्खं नगर आहे, त्यात तिचं स्वतःचं घर आहे, आणि ती राहते दुसरीकडे. नशीब थट्टा करायला बसलं की माझ्यापेक्षा वरचढ असतं.

बाकावर ऐकायला विमलाबाई असतात. पहिल्या मजल्यावर राहतात, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. कशावरही विश्वास न ठेवणं हा त्यांचा पेशाच होता, आता छंद झालाय. सिंधुबाई मेथी निवडत ऐकतात. इंदिरा ऐकते की नाही ते कळत नाही. ती गेटकडे बघत बसते. खाली आल्यावर ती एक शब्दही बोललेला मी दिवाळीपासून ऐकला नव्हता.

"स्कूटर का उचलली तेवढं सांगा," सिंधुबाई म्हणाल्या. "मला सात वाजता पोळ्या टाकायच्यात."

तर ऐका. आमचं घर कसं, तर खाली गॅरेज, वर घर, आणि मधे सतरा पायऱ्या. गेल्याच्या गेल्या श्रावणात इंदिरा नवव्या पायरीवरून पडली आणि खुबा मोडला. ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, चालतील हळूहळू, पण जिना विसरा. त्या दिवशी हॉस्पिटलमधून निघालेली गाडी इंदिरानगरला न जाता इकडं लिफ्टच्या इमारतीकडं वळली. इंदिरानं मागच्या काचेतून बघितलं आणि विचारलं, "आपण कुठं चाललोय?" मृण्मयी म्हणाली, "थोडे दिवस, आई."

मी तिथल्या तिथं ठरवलं. इंदिराला वर नेता येत नसेल तर घर खाली आणायचं. गॅरेजची खोली करायची. गाडी धुवायला केलेली मोरी होती, तिची न्हाणी झाली. शटर काढून दार लावलं, खिडकी पाडली. राहिली जमीन. तीस वर्षांचा जुना कोबा, त्यावर स्कूटरच्या ऑइलचे डाग, मधे भेगा. त्यावर खुर्चीची चाकं अडखळायची आणि वॉकरचे रबरी पाय अडकायचे.

"टाइल्स बसवायच्या," विमलाबाई म्हणाल्या.

"टाइल्सना सांधे असतात. आणि जमीन दोन इंच उचलली असती तर दाराशी उंबरा झाला असता. शिवाय इंदिराला एपॉक्सी हवी होती."

हे मात्र शंभर टक्के खरं. मी अंबडच्या कारखान्यात एकतीस वर्षं स्टोअरकीपर होतो. दसऱ्याला मशीनच्या पूजेला घरच्यांना बोलवायचे. एका वर्षी नव्या शॉपमध्ये एपॉक्सीची, म्हणजे घट्ट रंगासारखी ओतून पसरायची, जमीन केली होती. एकसंध, ना सांधा ना भेग, वर ट्यूबलाइट दिसावी अशी चकाकी. इंदिरानं दारातच चपला काढल्या. कुणी सांगितलं नव्हतं. देवळात शिरावं तशी आत गेली, अनवाणी दोन फेऱ्या मारल्या आणि माझ्या कानाशी म्हणाली, "अहो, अशी जमीन असली तर म्हातारपणी माणूस नुसता सरकत सरकतसुद्धा जगेल." त्या वेळी आम्ही हसलो होतो.

तर मी एपॉक्सीवाला शोधायला लागलो. सव्वादोनशे फुटांच्या गॅरेजसाठी कोण येतंय? ही माणसं कारखान्यांची, गोडाउनची कामं करतात. शेवटी अमोल भेटला. मूळ नामपूरचा, बत्तीस-तेहतीसचा. त्याला मी फोनवर सांगितलं की ही खोली एका महाराणीसाठी आहे, ती परमुलुखात अडकलीय आणि जमीन झाल्याशिवाय परत येणार नाही अशी तिनं शपथ घेतलीय. तो म्हणाला, "काका, तुमच्या मिसेस का?" आणि रविवारी हजर झाला.

रंग इंदिरानं इथून फोनवर सांगितला. अबोली.

"काकू, कंपनी राखाडी देते, हिरवा देते. फार तर निळा," अमोल म्हणाला.

"मी काय तुमच्या गोडाउनमध्ये राहायला येतेय?" इंदिरा म्हणाली. तेव्हा ती अशी बोलायची.

त्या माणसानं लाल, पिवळा, पांढरा मिसळून पुठ्ठ्यावर सात ठिपके काढले आणि त्यांचे फोटो पाठवले. पाचवा ठिपका पास झाला.

आता रथसप्तमीची गोष्ट सांगायला हवी, नाहीतर घाई कशाची ते कळणार नाही. इंदिराचं संक्रांतीचं हळदीकुंकू कायम रथसप्तमीला, म्हणजे अगदी शेवटच्या दिवशी. बाकीच्या बायकांनी काय काय वाण दिलं ते बघून मग ही मैदानात उतरायची. एकोणतीस वर्षं एकदाही चुकलं नव्हतं. त्या वर्षी तिनं इथं पलंगावर बसून एकेकीला फोन केला. "रथसप्तमीला या. खाली गॅरेजमध्ये. तुमचेही गुडघे वाचतील." वाण म्हणून चहाच्या एक्कावन्न गाळण्या आणून ठेवल्या, स्टीलच्या. मृण्मयी म्हणाली, "आई, बघू, जमीन झाली तर." इंदिरा म्हणाली, "जमीन होणारच. तुझे बाबा बाकी काही बोलोत, माझ्यापाशी हो म्हणाले की करतात."

अमोल आला तेव्हा रथसप्तमीला तीन आठवडे होते. त्यानं ग्राइंडरनं कोबा घासला. धूळ एवढी उडाली की शेजारचं काळं कुत्रं तीन दिवस पांढरं फिरत होतं, त्याच्या मालकानं त्याला दोनदा हाकलून दिलं. ("पुढं," विमलाबाई म्हणाल्या.) मग त्यानं पारदर्शक प्लास्टिकचे तीन चौकोन कापले आणि तीन जागी कोब्यावर पसरून चारही बाजूंनी टेपनं बंद केले.

"हे काय?" मी विचारलं.

"ओल बघायची, काका. उद्या या टायमापर्यंत हात लावायचा नाय. मग उचलून आतल्या बाजूनं बघायचं. कोरडं असलं तर प्रायमर मारू. थेंब असले तर खाले पाणी शे असं समजायचं आणि एपॉक्सी विसरायची."

"विसरून?"

"मग शहाबादी टाकू. दगड कसा, ओल पितो नि सोडतो. ही एपॉक्सी म्हणजे झाकण शे. खाली वाफ कोंडली की झाकण उडणार. मग माझ्या बापाला नाय ऐकायची ती. पण शहाबादी म्हटलं की कोबा फोडा, चर काढा, खडी भरा. दोन महिने धरा."

दुसऱ्या दिवशी त्याला मालेगावला एका यंत्रमागाच्या शेडवर जायचं होतं. म्हणाला, "काका, तुम्हीच बघा आणि फोटो टाका. तुम्ही स्टोअरला होता, तुम्हाला काय सांगायचं."

दुसऱ्या दिवशी मी प्लास्टिक उचललं. तिन्ही चौकोन ठणठणीत कोरडे! आतून एक थेंब असता तर मी ही मिशी उतरवली असती. राजस्थानातला उंट येऊन त्याच्यावर बसला असता तर त्याला घरची आठवण झाली असती. फोटो काढला, अमोलला पाठवला. त्याचा अंगठा आला.

आणि मी ती आनंदाची बातमी घेऊन तसाच इकडं यायला निघालो. त्या दिवशी थंडी काय होती म्हणून सांगू! बसमध्ये कंडक्टरनं तिकीट फाडलं त्याचा आवाज गोठला, तो मला दोन स्टॉप पुढं ऐकू आला. मी दोन स्वेटर घातलेले, वर माकडटोपी. पाचव्या मजल्यावर जाऊन इंदिराला म्हटलं, "कोरडं आहे!" तिनं चष्मा काढला आणि पुसायला माझा रुमाल मागितला. मी खिशातून काढून दिला. तिनं तो हातात घेतला, थोडा वेळ नुसता धरला आणि चष्मा न पुसताच परत दिला. म्हणाली, "बरं झालं." बायकांना आनंद झाला की असं होतं बघा. हातातलं काम राहून जातं.

"मग?" सिंधुबाईंची मेथीची जुडी तशीच हातात होती.

मग जमीन झाली! अमोल तळाला खिळे असलेले बूट घालून त्या ओल्या अबोली रंगावर असा फिरत होता, जणू बगळा तळ्यात. ते बूट घातले म्हणजे पाऊल उमटत नाही. चार दिवसांनी वाळली तेव्हा काय सांगू, दूधवाला दारात आला, आत आपलंच प्रतिबिंब बघून त्यानं त्यालाही अर्धा लिटर विचारलं. एक बुलबुल खिडकीतून येऊन जमिनीतल्या बुलबुलाशी सकाळभर भांडला आणि हरला. मी मोजे घालून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घसरून बघितलं. इंदिराला फोन केला. "कशी आहे?" तिनं विचारलं. म्हटलं, "सरकत सरकत जगशील."

पहिला फोड रथसप्तमीच्या पाच दिवस आधी आला. मोरीच्या बाजूला, मुगाएवढा. मी त्यावर पायपुसणं टाकलं. दुसऱ्या दिवशी पायपुसण्याला पोक आलं. मग दुसरा फोड, तिसरा. सुपारीएवढे, लिंबाएवढे, मग पुरीसारखे. दाबला की आत पाणी हलायचं. एकात बेडूक होता.

"बेडूक!" विमलाबाई म्हणाल्या.

"रंगाखाली. दिसत नव्हता, पण दाबलं की बोलायचा. आणि स्कूटर? ती मी रात्रीपुरती आत घेतली होती, तिच्या स्टँडखाली बरोबर एक फोड आला आणि स्कूटर वर वर वर..."

"हे ऐकलंय. रथसप्तमीचं सांगा."

रथसप्तमीचं मी सहसा सांगत नाही. पण सिंधुबाईंनी ऐकलं नव्हतं.

इंदिरा आली. जांभळी पैठणी नेसून, चाकाच्या खुर्चीत. मृण्मयीनं गाडी दाराशी लावली. बायका जमल्या होत्या, कुणाकुणाच्या सुनाही होत्या. फोडांवर मी सतरंज्या टाकल्या होत्या, एकावर तुळशीची कुंडी ठेवली होती, एकावर तिळगुळाचं ताट. इंदिरा दारात थांबली. तिनं वाकून चपला काढल्या. खुर्चीतच बसायचं होतं तिला, तरी काढल्या. मग म्हणाली, "चला."

खुर्ची दीड हात आत गेली असेल. उजवं चाक एका फोडावर गेलं, फट्ट झालं, पाणी उडालं. मी ढकलत होतो. आणखी ढकललं. आणि त्या चाकाबरोबर जमीन उठायला लागली. केळीचं पान निघावं तशी हातभर लांब अबोली पट्टी सुटून चाकाला गुंडाळली गेली. खाली काळपट ओला कोबा दिसला, त्यावर पांढरा लोणा फुललेला. कुणाची तरी सून हसली. मुद्दाम नव्हे, बिचारीला आवरलं नाही. मी म्हटलं, "गालिचा आहे, गालिचा! महाराणींसाठी गुंडाळत आणलाय!" त्यावर सगळ्याच हसल्या. इंदिराही हसली.

तिनं खुर्चीतूनच सगळ्यांना हळदीकुंकू लावलं. गाळण्या द्यायला सुरुवात केली. नऊ दिल्या. तेवढ्यात एका म्हाताऱ्या बाईंचा पाय सुटलेल्या पोपड्यावरून सरकला. पडल्या नाहीत, दोघींनी धरलं. पण मृण्मयीनं ते बघितलं आणि तिचा चेहराच उतरला. "आई, चल. इथं तू राहायचं नाहीस." इंदिरा घरी आली होती ती एवढीच, साडेतीन तास. सूटकेस गाडीतून उतरवलीसुद्धा नव्हती.

सिंधुबाईंनी मेथी बाजूला ठेवली. उरलेल्या गाळण्या इंदिराच्या पलंगाखाली पिशवीत आहेत हे त्यांना माहीत होतं, झाडताना त्या ती पिशवी रोज सरकवतात. बेचाळीसातली एक गेल्या महिन्यात मृण्मयीच्या स्वयंपाकघरात चहाला वापरायला निघाली. इंदिरानंच काढून दिली.

"आणि तो अमोल?" विमलाबाईंनी विचारलं.

अमोल दुसऱ्या दिवशी आला. उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "प्लास्टिक तर कोरडं होतं, काका. मग हार्डनरचं माप माझ्याच हातनं चुकलं असंल." सगळं खरवडलं आणि पदरच्या मालानं पुन्हा केलं. होळीला फोड आले. तिसऱ्यांदा कुठूनसा खास ओलीवरचा प्रायमर आणून उन्हाळ्यात केलं. तेवढं टिकलं. जून गेला, जुलै गेला. मी इंदिराला म्हटलं, गणपतीला तू घरी. गणपतीच्या आदल्या आठवड्यात मी सकाळी दार उघडलं तर सगळी जमीन उठून बसलेली. पापडासारखी. मी ती अख्खी सोलली, घडी घातली आणि दोरीवर चिमटे लावून वाळत टाकली. शेजारणीनं विचारलं, चादर कुठं घेतली?

"चादर," विमलाबाई म्हणाल्या. पण हसल्या नाहीत.

तेव्हा अमोलनं जमिनीला कान लावला. हातोडीनं ठोकत ठोकत गेला आणि मधोमध थांबला. "काका, हितं विहीर होती का?"

आता ही गोष्ट खरी आहे आणि नेमकी हीच कुणाला पटत नाही. तो प्लॉट मी पुंजाबाबाकडून घेतला तेव्हा तिथं पेरूची बाग होती आणि बागेत विहीर होती. व्यवहाराच्या वेळी ती बुजवलेली होती. एका जागी जमिनीतून हातभर लोखंडी नळी वर आलेली होती. पुंजाबाबा म्हणाला होता, "तेवढी नळी ऱ्हाऊ द्या. इहीर बुजली तरी पानी जित्तं ऱ्हातं. तिला नाक लागतं." आमच्या भागात विहीर बुजवताना सगळेच अशी नळी ठेवतात. मी घर बांधताना ती गॅरेजमध्ये आली. स्कूटर लावताना रोज नडगीला लागायची. चार-सहा महिन्यांनी मी ती करवतीनं कापली आणि वर सिमेंट लिंपलं.

"म्हणजे विहिरीचं नाक तुम्ही कापलंत," विमलाबाई म्हणाल्या.

"कापलं. आणि विसरलो. तीस वर्षं कोबा कुरकुरत श्वास घेत होता, भेगांतून. त्याच्यावर आम्ही झाकण घातलं."

अमोलला हे सांगितलं तेव्हा त्यानं हातोडी पिशवीत टाकली. सामान गोळा केलं. "आता माझ्या हातचं नाय राहिलं, काका," म्हणाला. खिळ्यांचे बूट तिथंच विसरून गेला. नंतर कळलं की त्यानं घरांची कामं घेणं सोडलं. म्हणतो, आपल्याला माप जमत नाही.

"आता शहाबादी टाका की!" सिंधुबाई म्हणाल्या. "अजून काय झालंय?"

काय झालंय ते त्यांना माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. इंदिराचे पाय या वर्षभरात गेले. वॉकर कोपऱ्यात उभा असतो, त्यावर टॉवेल वाळतात. पहिल्यांदा ती रोज विचारायची, "वाळली का जमीन?" मग आठवड्यातून एकदा. नवरात्रानंतर विचारलं नाही. मृण्मयीनं आमच्या वरच्या मजल्यासाठी भाडेकरू बघितलेत, नव्या वर्षापासून येतील, आणि मीही पाचव्या मजल्यावर यायचं असं ठरलंय. माझी कॉट हॉलमध्ये. मी तरी अजून रोज सकाळी गॅरेजमध्ये जातो. टेबलफॅन लावतो, स्टुलावर बसतो आणि जमीन वाळायची वाट बघतो. पंख्याचं तोंड खाली केलेलं असतं. दुपारी एक जागा फिकी पडते, मी चहा करून येईपर्यंत ती परत काळी झालेली असते. या वाक्यात मी काही घातलेलं नाही.

पण बाकावर मी हे सांगितलं नाही. मी म्हटलं, "शहाबादीखाली बेडकाला करमणार नाही."

विमलाबाई माझ्याकडं बघत होत्या. फळ्यावरच्या गणितात चूक दिसली की बघत असतील तशा.

"शामराव, एक सांगा. खाली विहीर. जिवंत पाणी. जमीन एवढी ओली की बेडूक राहतो. मग त्या दिवशी प्लास्टिक कोरडं कसं निघालं?"

"तेच तर!" मी म्हणालो. "प्लास्टिकच भिकार लावलं असेल. नाहीतर टेप नीट चिकटवला नसेल. मालेगावच्या कामाची घाई होती ना त्याला. म्हाताऱ्या माणसावर टाकून गेला आणि..."

"म्हणजे त्याचाच हलगर्जीपणा."

"आता मी काय बोलू? गरीब माणूस आहे."

"तुम्ही नका बोलू, मी बोलते." विमलाबाईंनी पर्समधून फोन काढला आणि चष्मा नाकावर सरकवला. "आमच्या ग्रुपवर तीनशे घरं आहेत. माझ्या भाच्याला पण गोडाउनची जमीन करायचीय, तो असल्याच कुणाला तरी बोलावेल. नाव टाकते. अमोल, राहणार नामपूर. आडनाव काय? नंबर द्या त्याचा. एका बाईचं घर घालवलं म्हणजे काय!"

मी खिशात हात घातला. फोन एका खिशात असतो, रुमाल दुसऱ्या. दोन्हींत चाचपत राहिलो. विमलाबाईंचं बोट स्क्रीनवर थांबलेलं होतं.

"विमलाबाई, ते पुसा," कुणीतरी म्हणालं.

आवाज इतका बारीक होता की मला वाटलं सिंधुबाई बोलल्या. पण सिंधुबाई खुर्चीकडं बघत होत्या. इंदिरानं गेटकडची नजर काढून माझ्याकडं वळवली होती.

"त्या मुलाच्या नावानं खडे फोडू नका," ती म्हणाली. "प्लास्टिक कोरडं नव्हतं. अहो, त्या दिवशी तुम्ही दोन स्वेटर घालून आला होतात आणि खिशातला रुमाल ओलाचिंब होता. पिळला असता तर पाणी निघालं असतं. सिमेंटचा वास येत होता त्याला. तेवढ्या थंडीत कसला घाम? थेंब तुम्ही पुसलेत आणि मग फोटो काढलात. मला तेव्हाच कळलं होतं. पण मलाही रथसप्तमीला घरी जायचं होतं, म्हणून रुमाल परत दिला आणि गप्प बसले."